आवतन दिलं, निरोप राहिला

वैज्या,

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलतायत की ऐकून तुला ठसका लागला असता. आपला गाण्यांचा अल्बम ऐकून माझ्या शाळेच्या ज्या मुख्याध्यापकांनी ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असा शेरा मारला होता, त्यांनीच तुझ्या तेराव्याला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "लई मोठा कलावंत होता हो तुमचा मित्र." तू असतास तर विचारलं असतंस, "सर, कोणत्या चिंधीपासून?" मी नुसती मान हलवली आणि पत्रावळीवरचा भात चिवडत बसलो. तुझ्यासारखं तोंड मला कधीच नव्हतं.

साप्ताहिकवाल्यांनी माझ्याकडं ‘दोन शब्द’ मागितलेत. कुठं जन्मला, किती शिकला, कशानं गेला. ते मला लिहायचं नाही. कशानं गेलास ते तरी कुठं नीट कळलं? दुकानात जळालेल्या मोटरीत नवी तार भरता भरता छातीला हात लावलास, शेजारच्यांनी जीपमध्ये घातलं, आणि अंबाजोगाई यायच्या आत सगळं संपलं. त्यात लिहिण्यासारखं काय आहे? मला तुझ्याशी भांडायचं आहे. पाच-सहा वर्षं चाललेलं भांडण तू अर्धं टाकून गेलास, आणि आता ते मला एकट्याला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी घाटनांदूरला तुझ्या दुकानावर गेलो. शटर अर्धं वर होतं आणि आत तुझ्या स्टुलावर तुझी माय बसली होती. समोर शेतकऱ्यांनी आणून टाकलेल्या पाण्याच्या मोटरी, जळालेल्या, तार बाहेर लोंबणाऱ्या. परत न्यायला कुणी येत नाही, कारण आलं तर मायपाशी काहीतरी बोलावं लागतं. माय म्हणाली, "ह्या मोटरी कुणी भरायच्या रे आता, अंगद?" मग ती खरं बोलली. "तेवढं राहिलेलं पुरं करून टाक लेकरा. त्येला जाता येईना."

"कुणी सांगितलं माय तुला?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. गावात काय कुजबुज चालली होती ते मला माहीत होतं. देवीचा गोंधळ अर्धा टाकला, देवाची चेष्टा केली, म्हणून असा भर उमेदीत गेला. हे बोलणाऱ्यांपैकी एकानंही आपला अल्बम पुरता ऐकलेला नाही, हे वर.

"कुणी कशाला सांगाया पायजे?" माय म्हणाली. "गाणं ऐकते की मी मोबाइलवर. सरत आलं म्हणावं तर पुन्यांदा पहिल्यापासून. त्येच्यातच फिरायलंय माझं लेकरू."

आता तू म्हणशील, अंग्या, मला काय सांगायलास, मी होतो की तिथं. होतास. पण मला एकदा पहिल्यापासून सगळं म्हणू दे. तू नेहमी मध्येच तोडायचास.

आमचं घर गोंधळ्यांचं. लग्न झालं, जावळ झालं की लोक देवीचा गोंधळ घालायला आम्हाला बोलावतात. दिवटी पेटवायची, संबळाच्या तालावर ठाण्याठाण्याच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं, कथा सांगायची, आरती करायची, आणि आलेल्या सगळ्यांना मानानं परत पाठवून दिवटी दुधात विझवायची. माझ्या आज्यानं, बापानं, चुलत्यानं जन्मभर हेच केलं. मी बी.एड. झालो, परळीच्या विनाअनुदानित शाळेत लागलो आणि संबळ माळ्यावर गेला. मी फळ्याकडं वळलो की मागून पोरं ‘उदे, उदे’ करायची. गुरुजी आणि संबळ दोन्ही एका कमरेला बसेनात.

त्या शाळेच्या बोअरची मोटर जळाली म्हणून तू आलास. मी मोकळ्या तासाला पाचवीची पोरं सांभाळत टेबलावर पट्टी आणि डस्टर वाजवत बसलो होतो. खिडकीत तुझं डोकं आलं. "काय वाजवायलास बे?" पोरं थक्क झाली. गुरुजींना ‘बे’ म्हणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"काही नाही, सहज," मी म्हटलं.

"सहज न्हाई ते. गोंधळ्याचा हात हाय. संबळ कुठं ठेवलास?"

"माळ्यावर."

"कावून? पिकाया घातलाय का?"

पुढच्या रविवारी तू घरी आलास, न विचारता शिडी लावलीस, कोळ्याची जाळी डोक्यात घेऊन संबळ खाली काढलास आणि माझ्या कमरेला बांधलास. गाठ चुकीची मारली होतीस. तरी मी ती सोडून पुन्हा मारली नाही. तुझं माझ्यावर काय ऋण आहे असं कुणी विचारलं तर मी ती चुकीची गाठ सांगेन.

मग तुझी ती गिटार. जुन्या बाजारातून आणलेली, आणि तिच्यात आवाज पकडणारं जे तारेचं वेटोळं असतं, ते तू स्वतः गुंडाळलेलं, दुकानातल्या सगळ्यात बारीक तारेनं. त्यामुळं ती गायची कमी आणि गुरगुरायची जास्त. तिसरे आले महेबूबचाचा. तेलगावकडच्या लग्नांतून त्यांचा ब्रास बँड वाजायचा. डीजे आला, बँड मोडला, क्लॅरिनेट तेवढं उरलं. "बेटा, तुमचं काय चाललंय ते मला समजत न्हाई," चाचा म्हणायचे, "पर मजा येते." आपल्या अल्बमचं याहून खरं परीक्षण नंतर कुणी केलं नाही.

‘मालगाडी उभी हाय’ हे गाणं कसं झालं, ते लोकांना ठाऊक नाही. माझ्या शाळेचं अनुदान यंदाही नाही, असं कळलं तो दिवस. मी तुझ्या दुकानात येऊन गुमान बसलो होतो. सांत्वन वगैरे तुला येतच नव्हतं. तू गाडीला किक मारलीस आणि मला पटरीच्या कडेला नेऊन उभा केलास. कोळशाची मालगाडी सिग्नलला थांबलेली होती, लांबच लांब, सुस्कारे सोडत. "बघ," तू म्हणालास, "आपल्यापेक्षा किती मोठी हाय. तरी उभीच हाय की." आणि मोबाइल पुढं धरून तिचे सुस्कारे टिपत बसलास. गाडी हलेपर्यंत आपण हललो नाही. घरी जाताना मला हसू येत होतं, आणि का येतंय ते कळत नव्हतं. त्या दुपारचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण तू म्हणाला असतास, "गाडीचे मान."

आणि मग बारव. सगळं तिथंच अडकलेलं आहे.

नानांना तूच पटवलंस. नाना म्हणजे माझे चुलते, आमच्या घरातले शेवटचे पुरते गोंधळी. त्यांच्या आवाजातलं आवाहन तुला हवं होतं, आणि ते बारवेत घ्यायचं होतं, कारण त्या कोरड्या दगडी विहिरीत म्हटलेला शब्द चार भिंतींना शिवून परत येतो. स्टुडिओत असा आवाज विकत मिळतो, तू म्हणायचास, आपल्याला देवगिरीच्या राजांनी बांधून दिलाय. कोणत्या राजांनी ते तुलाही माहीत नव्हतं. नानांनी एकच अट घातली: करायचं तर रीतीनं करायचं. म्हणून त्यांनी भर दुपारी दिवटी पेटवली आणि पायऱ्यांवर हळद-कुंकू वाहिलं.

काय आवाज लागला होता त्या दिवशी नानांचा! माहूर, तुळजापूर, कोल्हापूर, अंबाजोगाई, एकेक ठाणं घेत होते आणि एकेकाला ‘ये’ म्हणत होते. ‘परळीच्या वैजनाथा, गोंधळाला ये’ म्हणाले, तसा तू गिटारीमागून ओरडलास, "अन् घाटनांदूरचा वैजनाथ? त्येनं काय घोडं मारलंय? घाटनांदूरच्या वैज्या, ये! परळीच्या अंग्या, ये!" चाचा म्हणाले, "अन् माझं नाव?" तू म्हणालास, "चाचा, तुमी तर कवाचेच आलाव." नानासुद्धा हसले. ते हसू, चाचांचा ठसका, तुझा आवाज, सगळं जसंच्या तसं अल्बमच्या पहिल्या गाण्यात आहे.

तेवढ्यात तुझ्या कानाला ती तडतड लागली. दिवटीचं तेल तडतडत होतं आणि माइकमध्ये येत होतं. तू उठलास, नाना गात असतानाच दिवटी उचललीस आणि वर नेऊन वाळूच्या ढिगात खुपसलीस. पुढं थोड्या वेळानं लॅपटॉपची बॅटरी गेली. तू हेडफोन काढलास. "झालं नाना. पायजे तेवढं घावलं."

"अन् आरती?" नानांनी विचारलं.

"आरती कशाला? आपल्याला गाणं करायचंय, गोंधळ न्हाई."

नानांनी तुणतुणं पिशवीत घातलं, वाळूतली विझलेली दिवटी काढून धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि पायऱ्या चढता चढता एवढंच म्हणाले, "पाव्हणं बसवून घरधनी उठून गेला." दुसऱ्या कुणाच्या हातून हे झालं नसतं. ज्याला दिवटी माहीत नाही तो ती पेटवणार नाही, आणि ज्याला माहीत आहे तो वाळूत खुपसणार नाही. तू बरोबर मधला निघालास.

अल्बमचं नाव तू ठेवलंस ‘आवतन’. शेवटचं गाणं ज्या ठोक्यावर थांबतं, त्याच ठोक्यावर पहिलं सुरू होतं. ऐकणाऱ्यानं बंद केलं नाही तर तो फिरतच राहतो, कुठं सुरुवात झाली ते कळत नाही. यावर तू फार खूश होतास. "जोड दिसतो का बे? दिसतो का कुठं?" मला दाखवत फिरलास, एखादी अवघड मोटर भरून झाल्यावर दाखवायचास तसं.

आणि मग लोकांनी काय केलं? पुण्याच्या एका परीक्षकानं इंटरनेटवर लिहिलं की हा मराठवाड्यातला पहिला सायकेडेलिक फोक रॉक अल्बम असावा. पहिली तीन गाणी थक्क करतात आणि पुढं मंडळींची वाट चुकते. तू म्हणालास, "आपण सायकेडेलिक हाव हे आपल्याला कुणी सांगितलंच न्हाई." मी नानांना त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला, की ऐकता ऐकता माणसाचं भान सुटतं, नसलेलं दिसायला लागतं. नाना म्हणाले, "म्हंजी अंगात येतं तसं? मग त्येला नवं नाव कावून?" आणखी एकानं लिहिलं, गाण्यांना मातीचा अस्सल वास आहे. तू परळीच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, वीज केंद्राच्या राखेच्या टिप्परकडं बोट दाखवून म्हणालास, "राखेचा म्हण. माती खाली गेली."

इकडं डीजेवाला म्हणाला, याच्यावर नाचता येईना. तू त्याला तोंडावर सांगितलंस, "नाचता येईना, अंगण वाकडं." भजनी मंडळ म्हणालं, हे देवळात लावण्याजोगं नाही. तेलगावच्या एका लग्नात आपल्याला हौसेनं बोलावलं आणि दुसऱ्या गाण्याला नवरदेवाच्या मामानं जनरेटर बंद केला. कुठल्या तरी परमुलखातल्या माणसानं निरोप पाठवला की तो आजारपणात दिवसभर आपलाच अल्बम लावून पडून होता. तो निरोप तू मला इतक्या वेळा वाचायला लावलास की मला पाठ झाला. धड ना इकडचे, धड ना तिकडचे असे आपण मधेच लोंबकळत राहिलो. आणि त्यात ते ट्रॅक्टरचं. चाचांच्या क्लॅरिनेटचा एवढासा तुकडा पोरांनी ट्रॅक्टर शर्यतीच्या रीलला लावला, आणि मग जिथं जावं तिथं एकच मागणी: ते ट्रॅक्टरचं वाजवा. बाकीचं सगळं त्या ट्रॅक्टरखाली गेलं.

पुण्याच्या जलशाचं आमंत्रण आलं तेव्हा मला वाटलं, निघालो आपण इथून. त्यांची इच्छा एवढीच होती की कवड्यांच्या माळा, झगे घालून यावं आणि ते ट्रॅक्टरचं नक्की घ्यावं. "मी काय पोळ्याचा बैल हाय का?" तू म्हणालास. "शिंगं रंगवून फिरवायलेत." मी म्हटलं, एकदा जाऊ तर दे, नंतर आपलं ते वाजवू. तू म्हणालास, "नंतर म्हणणारे समदे तिथंच गोंडे बांधून हायत." आपण गेलो नाही. मला तुझा राग आला होता. अजून येतो, वैज्या. तू बरोबर असशील. पण बरोबर असून आपण राहिलो कुठं? तू मोटरीच्या तारेत, मी पाचवी ‘अ’च्या हजेरीत. मोटर भरताना एक जोड उलटा बसला की मोटर नुसती घुमते, फिरत नाही, हे तूच मला शिकवलं होतंस.

आणि सगळ्या रागाच्या तळाशी ते सातवं गाणं, सहा गाण्यांच्या अल्बमला राहिलेलं. मी म्हणायचो, शेवटी निरोपाचं एक गाणं घालू. नाना आरती म्हणतील, गोंधळ पुरा होईल. तू ऐकायचा नाहीस.

"देव न्हाईतच, तर परत कुणाला धाडायचं?"

"नाहीत, तर बोलावलंस कशाला?"

"आवाज चांगला लागतो म्हणून."

"मग निरोपालाही चांगला लागेल."

"निरोप दिला की सरलं. सरलं की लोक बंद करतेत. राहू दे की फिरत."

दर दिवाळीला, दर उन्हाळ्याच्या सुट्टीत, तुझ्या दुकानातल्या त्याच दोन स्टुलांवर आपण हे भांडलो. शेवटचं भांडलो तेव्हा तू म्हणालास, "बरं, बघू." तुझं ‘बरं, बघू’ म्हणजे नाही, हे मला माहीत होतं. तरी मी ते होकारात धरून घरी आलो होतो.

मायचं ऐकून मी नानांकडं गेलो. मला वाटलं, नाना म्हणतील, एवढ्यात कसला गोंधळ, वर्ष तर जाऊ दे. नानांनी तोंडातलं पान गालात सरकवलं. मग म्हणाले, "नवा गोंधळ न्हवं ह्यो. त्या टायमाचाच राहिलाय. राहिलेल्या कामाला मुहूर्त नसतो." आणि कुठं करायचा असं विचारलं, तर माझ्याकडं वेड्यासारखं पाहिलं. "पाव्हणं जिथं बसलेत तिथंच की."

म्हणून परवा सकाळी आपण सगळे पुन्हा बारवेत उतरलो. ‘आपण’ म्हणतोय बघ, सवयीनं. नाना, चाचा, मी आणि माय. मायला पायऱ्या उतरवत नव्हत्या, चाचांनी हात दिला. तिच्या हातात पितळी गडव्यात दूध होतं, शेजारणीनं दिलेलं, पदरानं झाकलेलं. नानांनी तीच दिवटी पेटवली. मी संबळ बांधला आणि तसं कुणाला न सांगता तुझ्यासारखी चुकीची गाठ मारली. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो कोनाड्यात ठेवला. दिवटी या वेळीही तडतडत होती.

नानांनी आरती म्हटली. मग एकेकाला निरोप. ज्या ठाण्याहून आलात त्या ठाण्याला सुखानं जा, काही कमी-जास्त झालं असेल ते पोटात घाला. माहूर गेलं, तुळजापूर गेलं. प्रत्येक नावाला मी ठोका देत होतो आणि खरं सांगतो, बारव रिकामी होत असल्यासारखं मला वाटत होतं. तू हसशील. हस. परळीचा वैजनाथ गेला, आणि नाना थांबले.

"पुढचं मी न्हाई म्हणणार," ते म्हणाले. "त्या नावाला मी बोलावलेलं न्हवतं. तू म्हण."

पाच-सहा वर्षं मी या निरोपासाठी तुझ्याशी भांडलो. आता समोर दिवटी, दूध, माय, सगळं तयार, आणि माझ्या तोंडातून ‘घाटनांदूरच्या’ एवढंच निघालं. पुढचं नाव घेतलं की ‘जा’ म्हणायचं. माझा हात थांबला. संबळ थांबला. मला आतून कळत होतं की मी आता तुझ्या बाजूनं भांडतोय. राहू दे की फिरत. कशाला संपवायचं?

माय पुढं झाली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नानांच्या हातून दिवटी घेतली.

"वैजनाथ," ती म्हणाली. "जा बाबा आता. मोटरी भरंल कुणीतरी."

आणि दिवटी दुधात बुडवली.

त्यानंतर कुणी रडलं नाही. चाचांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि न वाजवताच खाली घेतलं. मायनं गडवा नानांच्या हाती दिला आणि एकटीच भिंतीला धरून पायऱ्या चढायला लागली, उतरतानापेक्षा सोपं जात होतं तिला. मला बरं वाटलं ते पाहून. तुझ्या दुकानाचं शटर काल तिनं पुरतं वर केलं आणि मोटरी ज्याच्या त्याला न्यायला सांगून पाठवलं. काल रात्री तिला झोप लागली, असं शेजारीण सांगत होती.

वर येता येता मी नानांना म्हटलं, "नाना, त्या आवाहनात माझंपण नाव होतं. वैज्यानं घेतलेलं."

"व्हय. ऐकलंय मी."

"मग माझा निरोप?"

नाना थांबले. हातातली भिजलेली दिवटी त्यांनी झटकली. "जित्याला निरोप देत नसतेत, लेका."

"मग मी काय करायचं?"

"काय करायचं? बस तिथंच."

ते चेष्टेनं म्हणाले की कसं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

आता ते सातवं गाणं माझ्या मोबाइलमध्ये आहे. नानांची आरती, ठाण्यांची नावं, माझा थांबलेला संबळ, मायचे शब्द, दुधात विझणाऱ्या दिवटीचा तो चर्र आवाज. चाचा म्हणतात, अल्बमच्या शेवटाला जोडून टाक, पुरा होईल. माय कालपासून सारखी विचारते, "लावलंस का रे ते?" मी म्हणतो, "लावतो माय." आणि लावत नाही. ते लावलं की तुझं फिरणं थांबणार, आणि मी मात्र त्या पहिल्या गाण्यात आत राहणार, एकटाच. शाळेतून आलो की दार लावून घेतो आणि अल्बम सुरू करतो. मालगाडी सुस्कारे सोडते, चाचांचं ट्रॅक्टरचं येतं, शेवटचं गाणं सरत येतं, तो ठोका पडतो, आणि जोड कुठं दिसत नाही. जोड अगदी बेमालूम बसवलास रे, हे मी तुला जिवंतपणी कबूल केलं नव्हतं. मग नाना एकेक ठाणं घेत येतात, चाचा हसतात, आणि त्या दगडी भिंतींना शिवून तुझा आवाज येतो, जसाच्या तसा, खोडकर, घाईतला: परळीच्या अंग्या, ये!

"आलोय की बे," मी म्हणतो. "गेलतो कुठं?"